ऐकणं आणि ऐकवणं

मागच्या रविवारी दुपारी जरा डोळा लागत होता तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे धाकटी नात. मुंबईला असते, नववीत आहे. सध्या तिचा दृढीकरणाचा वर्ग चालू आहे. (ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाली की आपल्या तोंडानं, समजून उमजून विश्वास कबूल करतात आणि मग प्रभुभोजनात भाग घेऊ लागतात. त्याआधी काही महिने पाळकसाहेब त्यांचा वर्ग घेतात.) तर या वर्गात त्यांना निबंध लिहून आणायला सांगितलाय. विषय, 'ख्रिस्ती जीवनात आज्ञापालनाचे महत्त्व'. निबंध म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना माझी आठवण होते. 36 वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला त्याचं हे फळ!

मी सवयीनं मुद्दे सांगायला सुरुवात केली. अब्राहाम, मोशे, दहा आज्ञा, गेथशेमाने बागेतली प्रभूची प्रार्थना... तिनं मला मध्येच थांबवलं. म्हणाली, "आजी, ते सगळं मला येतं गं. मला एवढंच सांग, देवाचं ऐकायचं म्हणजे नक्की कुणाचं ऐकायचं? कारण देव काही माझ्याशी बोलत नाही. बोलतात ते पप्पा, पाळकसाहेब, नाहीतर संडे स्कूलच्या टीचर. आणि सगळेच म्हणतात की हे देवाला आवडतं आणि ते देवाला आवडत नाही."

संध्याकाळी फोन करते म्हणून मी वेळ मारून नेली. त्याला आता आठ दिवस झाले. तिनं निबंध लिहून दिलासुद्धा असेल. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. उत्तर तिच्यासाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू, कारण मराठीच्या बाईंना तीच सवय. आपल्या मराठीत 'ऐकणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानानं ऐकणं हा एक, आणि सांगितलेलं करणं हा दुसरा. पालक शाळेत येऊन सांगायचे, "बाई, आमचा पोरगा काही ऐकतच नाही." आता पोराच्या कानात काही दोष नसतो. तो बापाचं म्हणणं मानत नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष आहे असं वाटत नाही. पण पवित्र शास्त्राचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला तिथंही नेमकं असंच आहे. 'शमा' हा तो शब्द. त्याचा अर्थ ऐक, लक्ष दे, आणि तसंच कर. आपण जिथं 'आज्ञा पाळणे' म्हणतो तिथं जुन्या करारात बहुतेक ठिकाणी हे ऐकणंच आहे. नव्या करारातल्या ग्रीक शब्दातही ऐकण्याचाच धातू दडलेला आहे. म्हणजे आज्ञापालन म्हणजे मान खाली घालणं नव्हे, आधी कान देणं. मला हे फार उशिरा कळलं. कुणामुळे कळलं, ते आता सांगते.

आमच्या लहानपणी नगरकडच्या ख्रिस्ती घरांत पंडिता रमाबाईंचं नाव रोजच्या बोलण्यात असायचं. पांढऱ्या लुगड्यातला त्यांचा तो फोटो मी कितीतरी घरांत पाहिलेला आहे. शब्बाथ शाळेत आम्हाला त्यांची गोष्ट सांगत ती अशी, की रमाबाई देवाच्या फार आज्ञाधारक होत्या, त्यांनी सगळं सोडलं, दुष्काळातल्या मुली जवळ केल्या, तुम्हीही तशाच आज्ञाधारक व्हा. गोष्ट संपली की पुढचं वाक्य ठरलेलं. आता गुपचूप बसा आणि बाई सांगतात ते ऐका! त्यामुळे रमाबाई म्हणजे एक गरीब, शांत, कुणाला उलटून न बोलणारी बाई असं चित्र माझ्या मनात पक्कं झालं होतं.

1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं रमाबाईंचा पत्रव्यवहार पुस्तकरूपानं काढला. संपादक अ. भि. शहा. पत्रं इंग्रजीत. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं. ते पुस्तक माझ्या हाती बऱ्याच वर्षांनी आलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते एका मे महिन्याच्या सुट्टीत वाचलं. वाचताना दोन-तीनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. कारण शब्बाथ शाळेतल्या त्या गरीब रमाबाई या पत्रांत कुठंच नव्हत्या.

थोडी पार्श्वभूमी सांगते. रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा केवढा गुन्हा! उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना त्याचा जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून तो दिला. पुढे 1870 नंतरच्या दुष्काळात हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत, उपाशीतापाशी हिंडत राहिलं. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या काळाच्या अंतरानं गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या 20 वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही जातीबाहेर. पावणेदोन वर्षांतच कॉलऱ्यानं तो गेला. पदरात लहानगी मनोरमा. 1882 मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथं मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय 25.

एवढ्या आयुष्यात 'आज्ञा पाळ' हे वाक्य त्यांनी किती तोंडून ऐकलं असेल याचा विचार करा. स्त्रीला पती हाच देव, त्याची आज्ञा हाच धर्म, हे तर त्यांनी संस्कृत ग्रंथांतून स्वतःच वाचलेलं होतं. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलंय की बाकी बाबतींत शास्त्रांचं एकमेकांशी पटत नसलं तरी बायकांच्या बाबतीत त्या सगळ्यांचं एकमत होतं!

आता वाँटेजला त्या एका मठात राहत होत्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांनी रमाबाईंवर माया केली यात शंका नाही. पण त्यांची एक ठाम समजूत होती की नव्यानं ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीनं पहिला धडा शिकायचा तो आज्ञापालनाचा. मंडळीचे अधिकारी सांगतील ते नम्रपणे मानायचं. आणि रमाबाई तर प्रत्येक गोष्टीला 'का' विचारत. त्रैक्याचा सिद्धांत मला अजून समजलेला नाही, मग मी तो मान्य आहे असं कसं म्हणू? मी अंडी खात नाही, त्यात तुम्हाला जातीचा अभिमान का दिसतो? माझ्या लेकीला काय शिकवायचं ते मी, तिची आई, ठरवीन. पत्रांमागून पत्रं अशीच.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. सिस्टरांची इच्छा होती की रमाबाईंनी गळ्यात क्रूस घालावा आणि त्यावर लॅटिन अक्षरं असावीत. रमाबाईंनी लॅटिनला नकार दिला. ती भाषा ना मला येते ना माझ्या देशातल्या लोकांना. ती संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे असं मी का मानावं? मजकूर संस्कृतमध्ये असू द्या. एवढीशी गोष्ट वाटते. पण यातच त्यांचा सगळा स्वभाव आला. जे मला समजत नाही ते गळ्यात बांधून मी मिरवणार नाही.

दुसरा प्रसंग चेल्टनहॅमचा. तिथल्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई 1884 पासून शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. प्रिन्सिपॉल मिस डोरोथिया बील यांच्या मनात आलं की हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांनाही रमाबाईंनी आपल्याकडच्या भाषा शिकवाव्यात. ही बातमी हिंदुस्थानातल्या दोन बिशपांपर्यंत गेली आणि त्यांनी मोडता घातला. एका बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, उद्या ती मायदेशी परतेल तेव्हा लोक काय म्हणतील, वगैरे. रमाबाईंनी यावर लिहिलं त्याचा आशय असा, की माझ्या आईनं किंवा मी पुरुषांना शिकवण्यावर माझ्या वडिलांची हरकत नव्हती, माझ्या नवऱ्याचीही नव्हती. आता इंग्लंडातल्या लोकांची असावी याचं नवल वाटतं! हे वाचून मी एकटीच हसले होते. उडुपीच्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या बापाची लेक आता बिशपांपुढे उभी होती.

आणि मे 1885 मधलं ते पत्र. त्यातला मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगते. मला देवानं स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिलेली आहे. आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे. आता दुसरे पुरोहित सांगतील तीच परमेश्वराची आज्ञा असं समजून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही.

हे कुणी लिहावं? हातात पैसा नाही, देशात आधार नाही, परक्या मुलखात दुसऱ्यांच्या अन्नावर राहणारी, लहान मूल घेऊन बसलेली 27 वर्षांची विधवा. आणि कुणाला लिहावं? ज्यांच्या आश्रयाला राहत होती त्यांनाच!

इथं सिस्टर जेराल्डीन यांच्याबद्दलही एक सांगायला हवं. ही सगळी पत्रं जपून ठेवून, जुळवून लावण्याचं काम त्यांनीच केलं. ज्या पत्रांत त्यांना खडे बोल सुनावलेत तीसुद्धा त्यांनी फाडली नाहीत. म्हणून तर आज आपल्याला ती वाचायला मिळतात. मला वाटतं हीसुद्धा एक प्रकारची आज्ञाधारकताच. खरं ते पुढच्यांसाठी राहू देणं.

आता कुणी म्हणेल, ही तर सरळ सरळ अवज्ञा झाली, मग हिला देवाची आज्ञाधारक कशी म्हणायची? मलाही त्या सुट्टीत हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर पुढच्या वर्षांत मिळतं.

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. तिथं राहून त्यांनी बोस्टनच्या मंडळींना हिंदू विधवांची स्थिती पटवून दिली, 10 वर्षांच्या मदतीचं आश्वासन मिळवलं, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, कुणाला धर्म शिकवला जाणार नाही, असा करार होता. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात गदारोळ झाला, 'केसरी'नं झोड उठवली, 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

यात चूक कुणाची यावर मी वर्गात नेहमी दोन्ही बाजू मांडत आले. ज्यांनी विश्वासानं आपल्या बालविधवा लेकी तिथं ठेवल्या त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. शब्द दिलेला होता. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण देवाला प्रार्थना करायला मी दार का लावून घ्यावं? परावलंबी मुलींवर नुसत्या उदाहरणाचाही दाब पडतोच, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. तेव्हा या प्रकरणात रमाबाई शंभर टक्के बरोबर होत्या असं मी माझ्या ख्रिस्तीपणाखातर म्हणणार नाही.

पण पुढचं पाहा. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी 20 वर्षांपूर्वी तसाच दुष्काळ अंगावर काढलेला होता. जंगलातला पाला खाऊन दिवस काढले होते. त्यांच्या मनानं घेतलं की आपण जायला पाहिजे. हाताशी पैसे नाहीत. बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी. पुण्यात जागा अपुरी. शहाण्या माणसानं 'नको' म्हणावं अशीच सगळी कारणं. त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्याकडेच्या झाडांखालून मुली आणि बायका गोळा केल्या. सुमारे 300 जणी झाल्या. यात जातपात राहिली नाही. 1897 मध्ये पुण्याला प्लेग, तेव्हा सगळा पसारा दौंडच्या अलीकडे केडगावला हलवला. आधीपासून तिथं जमीन घेतलेली होती. 1898 मध्ये 'मुक्ती'ची रीतसर स्थापना झाली. 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि आणखी मुली आल्या. संख्या जवळजवळ 2000 वर गेली. 2000 तोंडं! त्यांचं खाणं, कपडे, आजारपण, शिक्षण. विणकाम, शेती, दूधदुभतं, छापखाना, आंधळ्यांसाठी वेगळं सदन, पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशनचं काम तिथं अजून चालू आहे.

आता मला फरक दिसला तो असा. सिस्टर जेराल्डीन, ते बिशप, आधीचे शास्त्री, हे सगळे रमाबाईंना देवाची आज्ञा ऐकवत होते. आज्ञा देवाची, पाळायची मात्र रमाबाईंनी. सांगणाऱ्याला त्यातलं काहीच करायचं नव्हतं, काही सोडायचं नव्हतं. उलट त्याच्या सोयीचंच होतं. दुष्काळाच्या वेळी मात्र रमाबाईंनी जे ऐकलं ते स्वतःसाठी होतं. त्यातला कष्ट, खर्च, बदनामी, सगळं त्यांच्याच वाट्याचं. तिथं त्यांनी 'का' विचारलं नाही. माणसांच्या प्रत्येक आज्ञेला प्रश्न विचारणारी ही बाई या हाकेला मुकाट्यानं उठून गेली.

नंतरचं त्यांचं मोठं काम म्हणजे पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर. त्याआधी मराठीत शास्त्र नव्हतं असं नाही. पण खेड्यातल्या, नुकतंच अक्षर शिकलेल्या बाईला ते समजत नाही हे त्या रोज पाहत होत्या. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवत, छपाई करत. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. हाताशी आलेली, सगळा कारभार सांभाळणारी एकुलती एक लेक. तरीही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण शास्त्र 1924 मध्ये छापून बाहेर आलं. लॅटिनचा क्रूस नाकारणाऱ्या तरुणीनं म्हातारपणी हे केलं, यात मला एकच सूत्र दिसतं. ज्याला देवाचं ऐकायचं आहे त्याला आधी ते कळलं पाहिजे. मधल्या कुणी अर्थ सांगायचा आणि हिनं मान डोलवायची, असं नको. 'शमा'चा अर्थ रमाबाईंनी कोशात पाहिला असेलच, पण त्याआधी 20 वर्षं त्या तो जगत होत्या.

इथवर इतिहास झाला. आता माझं.

हे वाचून घरातल्यांना थोडं वाईट वाटेल, पण सांगते. 1979 ची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी शाळेत होते. आठवीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. निबंध असे लिहायची की मी दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायची. आमच्याच मंडळीतलं कुटुंब. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मधल्या सुट्टीत ती शिक्षक-खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, घरी माझं लग्न ठरवतायत. मला शिकायचंय. तुम्ही आमच्या वडिलांशी बोलाल का? ते तुमचं ऐकतील."

तिच्या वडिलांना मी ओळखत होते. मंडळीत वजन असलेला माणूस, रागीट. माझी नोकरी नवी, घरात लहान मुलं, रविवारी त्याच माणसाशेजारून देवळात जायचं. मला भीती वाटली हे खरं कारण. पण मी तिला ते सांगितलं नाही. मी तिला पाचवी आज्ञा सांगितली. आईबापांचा मान राखावा हे शास्त्रात आहे, त्यांचं ऐक, देव तुझं चांगलंच करील. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती "बरं बाई" म्हणाली आणि गेली. नाताळाच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही.

पुढे तिचं बरं झालं की वाईट, हा इथं मुद्दा नाही. मुद्दा माझा आहे. वर्षानुवर्षं मी तो प्रसंग आठवला की स्वतःची समजूत घालायची की मी काही चुकीचं सांगितलं नाही, शास्त्रातलंच सांगितलं. रमाबाईंची पत्रं वाचली त्या मे महिन्यात ती समजूत मोडली. त्या दिवशी दारात एक आज्ञा खरोखरच आली होती. पण ती त्या मुलीसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. 'ऊठ, आज संध्याकाळी त्या माणसाच्या घरी जा आणि बोल.' मी काय केलं? शाळेत सूचनावही फिरते ना, तसं केलं. माझ्या नावाची सूचना मी सही करून दुसऱ्याच्या वर्गात पाठवून दिली.

माझ्या नातीला मला हेच सांगायचंय. शास्त्रात लहानग्या शमुवेलाची गोष्ट आहे, ती तुला पाठ असेल. रात्री त्याला हाक ऐकू येते, तो धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो, कारण त्याला वाटतं त्यांनीच हाक मारली. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जाऊन नीज. असं तीनदा होतं. या गोष्टीत आम्ही नेहमी शमुवेलाचं कौतुक करतो. मला आता म्हातारपणी एलीचं जास्त वाटतं. तो देवाच्या मंदिरातला मुख्य माणूस. पोर धावत आलेलं, 'हो, मीच हाक मारली, पाय चेप' म्हणाला असता तरी त्या मुलाला कळलं नसतं. पण तो म्हणाला, हा आवाज माझा नव्हे. पुढच्या वेळी हाक आली तर देवालाच उत्तर दे. आणि मुलानं जे ऐकलं ते एलीच्या विरुद्ध होतं, तरी त्यानं ते पोराकडून सगळं काढून घेतलं आणि मान्य केलं. मोठ्यांचं काम एवढंच असतं बाळा. आमच्यातल्या कितीजणांना ते जमतं ते मात्र विचारू नकोस.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पप्पांचं ऐक, पाळकसाहेबांचंही ऐक, कान उघडे ठेवून नीट ऐक, कारण पुष्कळदा ते बरोबर असतात आणि त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. पण एक खूण लक्षात ठेव. कुणी देवाचं नाव घेऊन तुला काही करायला सांगत असेल आणि त्याची सगळी सोय सांगणाऱ्याची होत असेल, तर थांब आणि 'का' ते विचार. रमाबाईंनी विचारलं, तुलाही विचारता येईल. आणि तुला स्वतःला जर कधी आतून वाटलं की हे आपण करायला पाहिजे, त्यात आपलीच गैरसोय आहे, कुणी शाबासकी देणार नाही, न केलं तर कुणाला कळणारही नाही, तर तिथं फार 'का' विचारत बसू नकोस. उठून जा. मी बसून राहिले होते.

निबंधात हे असंच लिहू नकोस, पाळकसाहेब मार्क कापतील! त्यांच्यासाठी अब्राहाम आणि मोशे ठेव. रमाबाईंचा एक परिच्छेद मात्र नक्की घाल. आणि नाताळाला आलीस की दोघी पॅसेंजरनं केडगावला जाऊन येऊ. गुडघे कुरकुरतात, पण तेवढं चालेल.